हामिदभाईंचा हलका फोटो

आमच्या देऊळघाटात हामिदभाईंना कुणी फोटो पाठवला, की ते आधी त्याचं वजन बघतात. फोटोत कोण आहे, ते नंतर.

हामिदभाई शिंपी. दुकानात मशीनशेजारी ठेवलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर ते गावाची वेबसाइट चालवतात. रोज एक बातमी, एक फोटो, आणि तो चाळीस केबीच्या आत. कापड बेतावं तशा आधी कडा कापायच्या, मग दर्जा उतरवत न्यायचा. जमलं की खुशीत म्हणायचं, ‘‘घ्या, बसला!’’

सरपंचांच्या सत्काराचा फोटोही असाच बसवला. सरपंच तणतणत दुकानात आले.

‘‘हामिदभाई, याच्यात मी कोनता अन् हार कोनता?’’

‘‘तोंड पाह्यचं तं आरसा हाय ना घरी. फोटो उघडला पायजे, साहेब!’’

‘‘अहो, गावात टावर हाय. कोनाचा उघडून नाई राह्यला?’’

हामिदभाई सुईत दोरा ओवत बसले. तेव्हापासून त्यांना ग्रामपंचायतीच्या बातम्या मिळेनात. मग साइटवर पाण्याची टाकी, मशिदीची गल्ली, कुणाचं तरी अंगण असं काहीही येऊ लागलं. मी पडलो मास्तर. याला बातमी म्हणत नाहीत, हे मी त्यांना समजावून पाहिलं.

‘‘असू द्या सर,’’ म्हणाले.

मागच्या महिन्यात आम्ही त्यांच्या मोटरसायकलवरून मेहकरला निघालो. वाटेत त्यांनी गाडी एका आडबाजूच्या खेड्यात वळवली. तिथं त्यांची थोरली बहीण राहते. गुडघे गेल्यापासून आपा माहेरी आलेल्या नाहीत. त्यांची खाट खिडकीशी लावलेली, कारण रेंज तिथंच येते. तीही एक काडी.

आमचा चहा होईतो आपांनी मोबाइलवर गावाची साइट उघडली. फोटो वरून खाली हळूहळू उतरू लागला. हामिदभाई कपबशी तशीच धरून बघत राहिले.

‘‘खुला!’’ आपा म्हणाल्या. ‘‘अपना दरवाजा नीला कब किया रे?’’

‘‘ईद के पहले.’’

‘‘कल वो नाले के पास का बेर का झाड दिखा.’’

‘‘दिखाता ना, आपा.’’

परतल्यावर मला घरी न सोडता ते थेट नाल्यावर गेले. पूल रुंद केला तेव्हाच ती बोर तोडली होती. साऱ्या गावाला ठाऊक होतं, त्यांनाही. मोकळ्या जागेसमोर गाडी लावून ते माझ्याकडे वळले.

‘‘सर, गावात तशी दुसरी बोर कुठं हाय का?’’

दिवस मावळेपर्यंत आम्ही शेतांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्यानं बोरी बघत हिंडलो. शेवटी एक पसंत पडली. हामिदभाईंनी बसून, वाकून, मागे सरकून फोटो काढला. शेजारची विहीर तेवढी येऊ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात असतानाच आपांचा फोन आला.

‘‘कितना बडा हो गया रे झाड!’’

‘‘हां आपा,’’ हामिदभाई म्हणाले, ‘‘बहुत दिन हो गये ना.’’