कासमभाईंची मगर

आमच्या शेजारचे कासमभाई रोज सकाळी तलावात करंगळी बुडवून चाटायचे. डोळे मिटायचे, जीभ टाळूला लावायचे, लग्नाच्या आमटीची परीक्षा घेणाऱ्या आचाऱ्यासारखी मान हलवायचे आणि मग स्वतःच्याच जिभेचा संशय येऊन पुन्हा चाटायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, पण तलावाभोवतीची भिंत पुरी होण्याआधी. पुढं ती भिंत एवढी वाढली की आमच्या परसातल्या कोंबड्यांना दुपारी तीनलाच संध्याकाळ व्हायला लागली.

आमच्या तुडील गावात माणसं आखातातून परत येतात ती टीव्ही, अत्तर आणि वाघाचं चित्र असलेलं ब्लँकेट घेऊन. कासमभाई मस्कतहून परतले ते एक मशीन घेऊन. निम्मं आयुष्य त्यांनी तिकडं एका शेठच्या बंगल्यातला पोहण्याचा तलाव राखण्यात घालवलं होतं. इथं आल्यावर त्यांनी घरामागं खणायला घेतलं. आम्हाला वाटलं विहीर. निघाला तलाव! आत निळ्या लाद्या, पायऱ्या, सगळं काही. पन्नास पावलांवर सावित्रीची खाडी फुकट वाहत असताना माणूस अंगणात पैसे ओतून पाणी साठवतो म्हणजे काळंबेरं असणारच, यावर गावाचं एकमत झालं. आमच्या गावात एकमत होणं हीच मुळात संशयास्पद गोष्ट.

संशयाच्या बाबतीत कासमभाई गावाला पुरून उरायचे. त्यांचं एकच पालुपद होतं, "कोन बोल्ला?"

"कासमभाई, बरे आहात ना?"

"कोन बोल्ला?"

"आज ऊन कडक आहे."

"कोन बोल्ला?"

माणूस दारात आला की ते तोंडाकडं बघत नसत, पायांकडं बघत. हे पाय तलावाकडं तर जाणार नाहीत? ईदचा शीरखुर्मासुद्धा आम्ही फाटकाबाहेरच्या पायरीवर बसून खाल्लाय. वाटी त्यांची बायको, हमीदाभाभी, फाटकाच्या फटीतून देत. मितभाषी बाई. ओढणी खांद्यापाशी कायम ओली. आमची ही म्हणायची, "दिवसभर धुणीभांडी करून घेतो मेला तिच्याकडून."

गावाचा संशय पिकला तो मिठावरून. भाईंकडं महाडहून टेम्पोनं मिठाची पोती यायची. मीठ पांढरंशुभ्र लागे; एक काळा खडा दिसला तर पोतं परत. व्यापाऱ्यानं एकदा विचारलं, "भाई, लोणचं तरी किती घालता?" उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

मला मात्र त्यांनी एकदा शाळामास्तर म्हणून विश्वासात घेतलं. म्हणजे आधी दोन्ही बाजूंना पाहिलं, मग वर आभाळात पाहिलं आणि कुजबुजले, "तलावात मीठ टाकायचं. पानी मशीनमधून फिरतं, आत वीज लागते, मिठाचं क्लोरीन बनतं. पावडर टाकायला नको. डोळे झोंबत नाय, कातडी फुटत नाय. पन वीज जाते ना मास्तर! मुद्दाम घालवतात. मला म्हाईत हाय." वीज जिल्ह्याची जायची, पण भाईंचा ठाम समज होता की वायरमनचा डोळा त्यांच्या तलावावर आहे. खंड्या पक्षी त्यांच्या लेखी शेजाऱ्यांचा हेर होता, आणि पाण्यावर पडलेलं आंब्याचं पान कुणी पाठवलं ते ते झाडाला विचारत.

एवढं कोण कशाला जपेल? गावातल्या पांडूनानांनी शोध लावला. तलाव, मीठ, उंच भिंत, दर शुक्रवारी दोन अख्ख्या कोंबड्या आणि भर दुपारी आतून येणारा धबाक धबाक आवाज. "अरे, कासमनं मगर पाळलीय!" सावित्रीत मगरी आहेतच, उन्हं खात काठावर पडलेल्या असतात, त्यामुळं हे कुणालाच जड गेलं नाही. संध्याकाळपर्यंत ती मगर चार हात लांब झाली, दुसऱ्या दिवशी सहा. त्यात पांडूनानांची शेळी हरवली.

दुपारी निम्मा गाव फाटकापाशी. काठ्या, कोयते, आणि कुणी तरी सरळ शिडीच आणली होती. भाई फाटक ओढून घेऊन समोर उभे.

"कासम, बाजूला हो. माझी शेळी गिळलीय तुझ्या मगरीनं!"

"कोन बोल्ला?"

"आवाज येतो धबाक धबाक, तो काय?"

"नारळ पडतो."

"तुझ्या आवारात माड हाय कुठं रे?"

"पंप हाय, पंप!"

"सकाळपासून गावात लाइट नाय!"

आणि नेमका तेव्हाच आतून आवाज आला. धबाक. सगळे गार. शिडीवाल्यानं शिडी भिंतीला लावली.

तेव्हा भाईंनी माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या नजरेत संशय नव्हता. बुडणारा माणूस काठाकडं बघतो तशी ती नजर होती. मग ते छाती पुढं काढून ओरडले, "हाय! मगर हाय! पाळलीय मी! चढा, ज्याला पाय नको असतील त्यानं चढा!"

त्यांच्या पाठीमागं फाटकाला बोटभर फट होती. फटीतून मला फरशी दिसली आणि फरशीवर ओल्या पावलांची ओळ. लहान, नाजूक पावलं. तलावापासून दोरीपर्यंत गेलेली, दोरीवर कोरडी ओढणी, आणि तिथून परत तलावाकडं. ती खांद्यापाशी कायम ओली असणारी ओढणी माझ्या डोक्यात लख्ख झाली: ती धुण्यानं नव्हे, ओल्या केसांनी भिजायची.

देवानं मला खोटं बोलण्याची कला दिली ती त्या दुपारसाठी. "उतर रे खाली!" मी शिडीवाल्याला दरडावलं. "मी पाहिलीय ती. आठ हात लांब. एका डोळ्यानं आंधळी, म्हणून वासावर येते. भिंतीवर शेपटी आपटली तेव्हा आमच्या घराची कौलं खाली आली!"

"मग वनखात्याला कळवू," पांडूनाना म्हणाले.

"कळवा की. साहेब आठ दिवस मुक्काम करतील. जेवण तुमच्याकडं ना?"

पांडूनानांना एकदम आठवलं की शेळी कदाचित मामाच्या वाडीत गेली असेल. (तिथंच होती.) गर्दी पांगली. शिडी पळताना सर्वांत पुढं.

भाई पायरीवर मटकन बसले. मी शेजारी बसलो. फाटकाआडून हलका आवाज आला, "गेले का ओ सगळे?"

"गेले. तू पोह."

भाईंनी हात मागं करून फाटकाची फट बंद केली. मग म्हणाले, "इथलीच ती, मास्तर. धक्क्यावरची. भरतीला खाडी पार करून पलीकडं आंबे पाडायला जायची पोरगी असताना. माझ्याशी लग्न झालं नि तिचं पानी बंद. मी तिकडं परक्याच्या बायकापोरांसाठी पानी साफ करत होतो, ही इथं बालदीत तांब्या बुडवत होती. आता खाडीत मगरी झाल्यात आनि काठावर मानसं. मगरीला ती भीत नाय."

"आणि ते रोजचं चाखणं?"

"गोडं पानी तिला परकं वाटतं. भरतीला धक्क्यापाशी जेवढं खारट असतं तेवढंच लागतं. मशीनचा काटा काय पन सांगंल. म्हणून जीभ."

"मग तुम्ही तरी आत जाऊन बसा की. बाहेर कशाला?"

"नाय." त्यांनी मान हलवली. "कुनी बघत असलं ना, मी पन, तर ती पलीकडंपर्यंत जात नाय."

आम्ही दोघं फाटकाकडं पाठ करून बसलो. मागं पाणी हललं. हात मारल्याचा आवाज दूर दूर गेला, मग थांबला. भाईंनी श्वास रोखला. मग पलीकडच्या लादीवर ओल्या तळव्याची थाप पडली.

"पोचली," कासमभाई म्हणाले.