जीवनचं माप

जीवनला आयुष्यात एकही वस्तू मापाची मिळाली नव्हती. उंची अशी, की दारातून वाकून जायचं आणि एसटीत गुडघे छातीशी घेऊन बसायचं. लग्नातल्या पलंगाबाहेर त्याचे पाय वीतभर लोंबत आणि त्याची बायको सरिता अंधारात त्यांना अडखळे. लाखनीच्या भातगिरणीत तो कारकून होता. रोज एसटीत वाकून वाकून आधी मान गेली, मग गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. दुकानातली सगळ्यात मोठी सायकल आणली, तर गुडघे हँडलवर आपटून निळे पडले. तेव्हा जीवनने ठरवलं, मरायच्या आत एक तरी गोष्ट आपल्या मापाची करून घ्यायचीच.

लाखनीचा कुलदीप मिस्त्री ऑर्डरप्रमाणे सायकल जोडून देई. त्याने जीवनला खालून वरपर्यंत पाहिलं.

"फ्रेम मी पाइप कापून बनवतो, भाऊ. पन माप पक्कं पाहिजे. टेप चुकते, दोरी तानते. बांबू कापून आना. एक पूर्ण उंचीचा, एक पायाचा, एक हाताचा. सीट, हँडल आन् पायडलचा क्रँक भंडाऱ्यातून तुमीच पसंत करा. क्रँक लंबा पाहा, नाई तर पाय फिरनार नाई."

माप आणि बांबू म्हटल्यावर जीवनला गावातला एकच माणूस आठवला, आणि तिथेच घात झाला. गावात कोणी गेलं की तिरडी मंगरूमामा बांधत. दोरीने माप घेत, मग बांबू तोडत. आजवर त्यांची एकही तिरडी आखूड पडली नव्हती. त्यांची एक रीत होती. माप घ्यायला लागल्यापासून बांबू कापून, आंघोळ होईस्तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललं की माप हलतं, असं ते म्हणत.

"मामा, सायकलसाठी माप पाहिजे. उंचीचा, पायाचा, हाताचा, असे तीन बांबू कापून द्या," जीवन म्हणाला.

"उभ्या मानसाचं माप मले जमत नाई. आडवा हो," मंगरूमामा म्हणाले आणि मग गप्प झाले ते झालेच.

जीवन आपल्या अंगणात चटईवर आडवा झाला. पाय पसरायला मिळाले म्हणून त्याला इतकं बरं वाटलं, की त्याने डोळेही मिटले. मंगरूमामांनी डोक्यापासून टाचेपर्यंत दोरी धरली, मग पायाला, मग हाताला, आणि गाठी मारल्या. शेजारच्या लीलाबाई विरजण मागायला कुंपणापाशी आल्या होत्या. त्या विरजण न मागताच परत गेल्या. मंगरूमामा दोरी घेऊन निघाले. सरिता लाखांदूरला माहेरी गेलेली. जीवनने घराला कुलूप लावलं आणि मागच्या वाटेने एसटी गाठली. मोबाइल चार्जिंगला लावलेला तसाच घरात राहिला.

भंडाऱ्यात त्याने मनासारखी खरेदी केली. लांब क्रँक मिळाला, रुंद हँडल मिळालं, आणि एका सीटवर तर तो दुकानात इतका वेळ बसून राहिला, की दुकानदाराने पाणी आणून दिलं.

परतीच्या एसटीत मात्र काहीतरी चमत्कारिक घडायला लागलं. गाडी गच्च भरलेली, जीवन उभाच होता. कंडक्टरने आजूबाजूच्या सगळ्यांना तिकिटं दिली आणि जीवनला वगळून तो पुढे गेला. जीवनने नोट पुढे धरली, ती कोणी घेतली नाही. कंडक्टर ज्या उंचीवर तोंडं पाहत होता, त्या उंचीवर जीवनचं तोंडच नव्हतं. पण हे त्या वेळी सुचतं कोणाला? उतरताना कपाळ दरवाजाला आपटलं, आणि दुखलं नाही. रोज आपटून तिथली कातडी घट्ट झाली होती, तरी जीवनच्या मनात पाल चुकचुकली.

फाट्यावरची पानटपरी बंद होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, आणि भर दिवसा त्यांत एकही माणूस नाही. वाऱ्याने धान एका अंगाला झुके आणि परत उभं राही. गावात शिरताना पार्वताबाईंच्या दारात त्यांचा कुत्रा होता. रोज शेपटी हलवणारा तो कुत्रा आज जीवनकडे बघत मागे मागे सरकला आणि बैलबंडीखाली गेला. जीवनच्या दोन्ही खांद्यांवर हँडल आडवं होतं, हे कुत्र्याने पाहिलं. जीवनच्या ते ध्यानात नव्हतं.

त्याच्याच अंगणात सारा गाव बसला होता. सगळे पांढऱ्या कपड्यांत, सगळ्यांच्या पाठी त्याच्याकडे. दाराला कुलूप तसंच होतं, आणि सरिता आली की उघडू म्हणून सगळे थांबले होते. कोणीतरी मोबाइलवरून नंबर लावला, आणि बंद घराच्या आत फोन वाजायला लागला. वाजत राहिला. फोन थांबला.

"उचलून नाई राहिला," एकजण हळूच म्हणाला.

"कसा उचलंल बाप्पा," लीलाबाई म्हणाल्या. "मी माह्या डोळ्यानं पाहिलं. मंगरूनं माप घेतलं."

जीवनने समोरच्या माणसाच्या पाठीशी वाकून विचारलं, "कोन गेला, भाऊ?"

"जीवन," तो माणूस मागे न बघता म्हणाला. "मानूस चांगला होता. पन लंबा फार होता."

दरवर्षी गावच्या बुद्धविहारात भूत नसतं यावर भाषण कोण देई? जीवनच. त्यामुळे आता त्याची फार पंचाईत झाली. तिकीट नाही, दुखणं नाही, कुत्रं घाबरलं, आणि आता चारचौघांचा शब्द. चारचौघं काय खोटं बोलतील? गाडीतच कधीतरी झालं असावं, असं त्याला वाटलं. सरिताला आपण निरोपही दिला नाही, हे त्याला आठवलं.

तेवढ्यात लोकांना तो दिसला. एकेक मान वळली आणि वळलेलीच राहिली. भूत नसतं हे सगळ्यांना त्याच्याच भाषणांमुळे पाठ होतं, त्यामुळे कोणाला पळताही येईना. गाव आपापल्या जागी ताठ बसून राहिला आणि मध्ये वाट मात्र मोकळी झाली. त्या वाटेच्या टोकाला हिरव्या बांबूची तिरडी ठेवलेली होती.

जीवन तिच्याकडे बघत राहिला. त्याने नजरेनेच माप घेतलं. वाकायचं काम नव्हतं, लोंबायचं काम नव्हतं. त्याने हँडल, सीट आणि क्रँक बाजूला ठेवले, चपला काढल्या आणि गपचूप तिच्यावर आडवा झाला. पाय सरळ पुरले. वर चार बोटं जागाही उरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी त्याच्यासाठी पुरेसं लांब काही केलं होतं. त्याला रडू आलं.

फाट्याकडून ऑटो आला. सरिता पदर सावरत धावत आत आली आणि थबकली. तिने तिरडी पाहिली, जीवनच्या डोळ्यांतून ओघळणारं पाणी पाहिलं आणि हलणारा अंगठाही पाहिला.

"तुमी थे काय करून राहिले?"

"सरिता, मी गेलो वाटते."

"गेलेला मानूस अंगठा हलवते काय?" तिचा आवाज चिरकला. "लाखांदूरपासून मी कशी आली, मले माहीत. उठा आधी."

ती त्याच्या खांद्याला धरून ओढत होती आणि रडत होती. आता कुठे जीवनची खात्री पटली, कारण खांदा चांगलाच दुखला.

तेवढ्यात आंघोळ करून, ओल्या केसांनी मंगरूमामा आले. कापलेले बांबू ते आपल्या अंगणात ठेवून आंघोळीला गेले होते. पोरांनी ते परस्पर उचलून आणले होते आणि आणखी बांबू जोडून सवयीने बांधूनही टाकले होते.

"सायकलचे बांबू व्हते थे," मंगरूमामा म्हणाले.

"मंग सांगतलं काहून नाई?" सगळा गाव एकदम म्हणाला.

"माप हललं असतं."

आता बांबू सोडावेत, तर मामांनी हात धरला. पायाचा आणि हाताचा तुकडा कोणता, हे आडव्या बांबूंच्या गर्दीत पोरांना सांगता येईना. वरून मापाची दोरी गाठींत गेली होती. "सोडलं तर माप गेलं," मामा म्हणाले. "आसंच न्या."

तेव्हा चार पोरांनी तिरडी खांद्यावर घेतली आणि लाखनीचा रस्ता धरला. मागून मंगरूमामा, त्यांच्या मागे हँडल घेतलेला जीवन आणि त्याचा हात घट्ट धरलेली सरिता. हमरस्त्यावर ट्रक थांबले. एका ड्रायव्हरने खाली उतरून हात जोडले आणि विचारलं, "किसकी है?"

"मेरी," जीवन म्हणाला. ड्रायव्हर परत ट्रकमध्ये चढला आणि त्याने काच वर केली.

कुलदीपने दुकानातून पाहिलं आणि आधी शटर ओढलं. समजूत काढल्यावर त्याने शटर अर्धं उघडून, लांबूनच पाइप टेकवून माप घेतलं. मंगरूमामांनी बोट ठेवलं, तो पायाचा. बोट ठेवलं, तो हाताचा. सायकल अशी झाली, की गुडघा हँडलला लागत नाही, पाठ वाकत नाही आणि पाय पूर्ण फिरतो. जीवन आता रोज सायकलने गिरणीत जातो. घंटी वाजली की लोक रस्ता सोडून उभे राहतात, आणि काही म्हातारे चुकून हातही जोडतात.

तेवढं तो चालवून घेतो. पण मंगरूमामांच्या घरापुढे आला की तो पायडल जोरात मारतो. मामांनी ते बांबू वाया जाऊ दिले नाहीत. त्यांच्या पडवीत, आढ्याला ते तसेच बांधलेले टांगले आहेत. मामा खाटेवर बसून जीवनला येताना बघतात, वर आढ्याकडे बघतात आणि समाधानाने मान हलवतात.

"जीवन," ते रोज हाक मारतात, "वजन वाढू देऊ नोको बाप्पा. माप बरोबर आहे."