सरांचं गाजलेलं वाक्य

सरांच्या लग्नाच्या वाढदिवसाला पाहुणे जमायला लागले होते आणि त्यांची मुलगी अजून ग्रंथालयात, आपल्या टेबलापाशी बसून होती. तिला वडिलांच्या एका वाक्याचं मूळ शोधायचं होतं.

लग्न ठरायच्या आधी सर आईला म्हणाले होते, "माणूस कसा हवा, तर आवाजाला खणखणीत, पडला तरी न फुटणारा आणि कितीही भिजला तरी आकार न सोडणारा. तशी तू आहेस." सरांनी जन्मभर शाळेत भाषा शिकवली. हे वाक्य नात्यागोत्यात इतकं गाजलं, की कुणाचंही लग्न असलं तरी कुणीतरी ते म्हणून दाखवायचंच. मुलीची खात्री होती, की यामागे एखादा विसरलेला कवी असणार.

ग्रंथालयातली पुस्तकं संगणकावर कधीचीच चढली होती, पण नाव ठाऊक असेल तरच सापडायची. आता नवी सोय झाली होती. एआय मदतनिसाला साध्या बोलीत काम सांगायचं, आणि त्याने सगळ्या पुस्तकांतलं पान न् पान धुंडाळायचं. मुलीने त्याला वाक्य दिलं आणि लिहिलं, "सापडलं की आमच्या घरच्या ग्रुपवर टाक. तिथे कुणी काही विचारलं तर तेही शोधून दे." मग पर्स उचलली, पण पाय निघेना.

पडद्यावर ओळी उमटत होत्या. कवितांमध्ये नाही. नाटकांमध्ये नाही. शब्दांचा क्रम बदलून पाहतो. "माणूस" हा शब्द वगळून पाहतो. ज्या कपाटांच्या किल्ल्या शोधण्यात तिची निम्मी नोकरी गेली होती, ती सगळी जणू एकदम उघडली होती आणि आत कुणीतरी अजिबात धूळ न उडवता वाचत बसलं होतं. ती हात जोडल्यासारखी उभी राहिली. मग उशीर झाल्याचं लक्षात आलं आणि ती धावत सुटली.

घराच्या जिन्यातच फोन वाजला. "सापडलं. बांधकामाचं जुनं पाठ्यपुस्तक, प्रकरण 'विटांची पारख'. मूळ वाक्य असं: चांगली वीट आवाजाला खणखणीत, पडली तरी न फुटणारी आणि कितीही भिजली तरी आकार न सोडणारी असावी." खाली छापील पानाचा फोटोही होता.

ती आत शिरली तेव्हा बैठकीच्या खोलीत प्रत्येकाच्या हातात फोन होता. सर खिडकीपाशी पाठ करून उभे होते. स्वयंपाकघरात आई चहा गाळत होती. तिचा फोन फ्रिजवर चार्जिंगला होता, एवढाच काय तो दिलासा.

"दादा, वहिनीला वीट म्हणालास तू?" आत्याने विचारलं.

"तेव्हा बांधकामावरच्या ओव्हरसियरच्या परीक्षेला बसलो होतो," सर खिडकीलाच म्हणाले. "नापास झालो. पण पुस्तक पाठ झालं होतं."

"बाबा, मला खरंच कविता वाटली होती," मुलगी म्हणाली.

"मलाही वाटायला लागली होती," सर म्हणाले.

गोष्ट इथे थांबली असती. पण जावयाला आपल्या लग्नातलं सरांचं भाषण आठवलं. "दोघांनी एकमेकांत असं मिसळावं, की कोण कुठला हे ओळखू येऊ नये," हे ऐकून तेव्हा त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याने सहज म्हणून ते ग्रुपवर टाकलं. तो घोटभर पाणी पितोय तोवर उत्तर आलं. तेच पुस्तक, प्रकरण "चुना आणि वाळू".

मग आत्याने सरांचं निवृत्तीचं भाषण टाकलं. ते "पाया आणि भराव" निघालं. नातीच्या बारशाच्या शुभेच्छा "ओल्या भिंतीची निगा" या प्रकरणातून आल्या होत्या. सुरुवातीला लोक हसत होते. पण पुढे ते हसणं सोडून वाचायला लागले. एका माणसाचं अख्खं आयुष्य ते यंत्र वीट वीट काढून समोर मांडत होतं, आणि एकही वीट चुकत नव्हतं. सरसुद्धा खिडकी सोडून जवळ आले आणि चष्मा लावून बघत राहिले.

"हे सगळं वाचलंय त्याने?" त्यांनी हळूच विचारलं.

"सगळं, बाबा."

"परीक्षेला याला बसवायला हवं होतं."

तेवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन आली. सगळ्यांनी फोन उलटे ठेवले, त्यामुळे तिला ताबडतोब कळलं, की काहीतरी आहे. तिने आत्याचा फोन उचलून सुलटा केला आणि पान नीट न्याहाळलं.

"अगंबाई, लग्नाआधी मी कामाला होते त्या छापखान्यातलं पुस्तक," ती म्हणाली. "याची प्रुफं मीच वाचली होती."

सरांनी बसायला खुर्ची शोधली. "म्हणजे मी बोललो तेव्हा तुला..."

"पहिल्या शब्दालाच कळलं."

"मग हो का म्हणालीस, वहिनी?" आत्याने विचारलं.

"वन्सं, ते पुस्तक लेखकानेसुद्धा शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. चुका तशाच ठेवून परत पाठवलं होतं. हे पहिले वाचक भेटले मला. तेही असे, की विटांबद्दल वाचताना ज्यांना मी आठवले." तिने सरांच्या हातात कप दिला. "बाकीची प्रकरणं कधी येतात, ते बघत होते इतकी वर्षं. अजून जिन्याचं राहिलंय."

ते मदतनिसाला विचारायचं कुणाला सुचलंच नाही. इतका वेळ यंत्राकडे लागलेले सगळ्यांचे डोळे आता आईकडे होते, आणि सरांचे तर तिथून निघतच नव्हते. त्यांनी कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि वर्गात उभे राहायचे तसे उभे राहिले.

"जिना असा असावा," ते म्हणाले, "की चढणाऱ्याला दम लागू नये आणि उतरणाऱ्याला भीती वाटू नये."

"आणि सोबतीला कठडा असावा," आई म्हणाली. "पुढे 'आकृती पाहा'."