नाशिकमधला एच

"तुमची ओळख पटली नाही," असं पुण्याच्या कॉम्प्युटरने मीनाला सकाळपासून आठ वेळा सुनावलं होतं. तेही इंग्रजीत, आणि वर ४०१ असा आकडा टाकून. म्हणजे अपमान कसा, नंबर देऊन!

२००६ साल. सातपूरच्या 'नाशिक शाफ्ट वर्क्स'मध्ये मीना ही एकटीच प्रोग्रामर. पुण्याच्या गिऱ्हाईक कंपनीने नवा नियम काढला होता. माल निघण्याआधी तुमच्या प्रोग्रामने आमच्या वेब सर्व्हिसला युजर आयडी आणि पासवर्ड द्यायचा, मालाचं चलन पाठवायचं, मग आमच्याकडून एक नंबर येईल. नंबर नसेल तर ट्रक गेटच्या आत येणार नाही. शाफ्ट भरलेला ट्रक दारात उभा होता आणि मीनाचं नोकरीत कायम झाल्याचं पत्र मालकांच्या, म्हणजे आहेर साहेबांच्या, खणात पडलं होतं. आज नंबर आला तरच पत्र हातात, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. मीनाही हट्टाला पेटली होती. पत्राशिवाय घरी जायला मनमाडची गाडी धरायची नाही!

तिने पासवर्ड पुन्हा टाइप केला. कॉम्प्युटरचं घड्याळ तपासलं. फायरवॉल बंद करून पाहिली. ड्रायव्हर लखन खिडकीतून डोकावला.

"मॅडम, निघू का? नंबर मागनं सांगा फोनवर."

"गेटबाहेर मुक्काम करायचाय का?"

"नाय बा!"

"मग थांबा."

शेवटी तिने पुण्याच्या हेल्पडेस्कवरच्या ललितला फोन लावला.

"मॅडम, दोनच प्रयत्न उरलेत हं. नंतर अकाउंट सोमवारपर्यंत लॉक. आयडी एकेक अक्षर सांगा बरं."

"एन नागपूरचा, ए अकोल्याचा, एस साताऱ्याचा, एच..."

"थांबा, थांबा. हा एच कुठला?"

"अहो, नाशिकचा!"

"आमच्याकडे एच नाहीये. तुम्हाला पाठवलेल्या पत्रातही नाही."

मीना तडक केबिनमध्ये शिरली. "सर, तुम्ही चिठ्ठीवर मला आयडी लिहून दिलात, त्यात एच..."

"मीच घातला. पत्रात चुकला होता, दुरुस्त करून दिला तुला," आहेर साहेब म्हणाले.

"सर, आयडी जसाच्या तसा लागतो हो!"

"पंधरा वर्षं या एचसाठी भांडतोय मी! पेंटरकडून बोर्ड दोनदा रंगवून घेतलाय. नासिक म्हणे! एच काढायचा नाही म्हणजे नाही."

"बरं सर," म्हणून मीना जागेवर आली आणि तिने एच काढून टाकला. तरी धास्ती होतीच, म्हणून सगळा कोड दोनदा वाचून काढला. त्यात वीस मिनिटं गेली. मग बटण दाबलं.

४०१.

आता मात्र तिला रडूच कोसळणार होतं, एवढ्यात केबिनचं दार उघडलं.

"झालं काम!" आहेर साहेब हात चोळत आले. "त्या ललितच्या साहेबाला फोनवर धरलं, सोडलंच नाही. घालून घेतला एच. आत्ताच!"

मीनाने कपाळावर हात मारला. साहेबांकडे पाठ करून तिने गुपचूप एच परत घातला आणि डोळे घट्ट मिटून शेवटचं बटण दाबलं. नंबर आला! चांगला बारा आकडी. लखनने तो हाताच्या तळव्यावर लिहिला आणि ट्रक एकदाचा हलला.

"बघितलंस? नाव नीट लिहिलं की लगेच ओळख पटते," असं म्हणत साहेबांनी पत्र तिच्या हातात ठेवलं.

मीनाने घाईघाईने पत्र उघडलं आणि तिचा चेहरा पडला. "सर, माझं नाव एम, आय, एन, ए. इथे डबल ई आहे."

"दुरुस्त केलं. तुझी वेलांटी दुसरी आहे ना? दुसऱ्या वेलांटीला डबल ई."

"अहो, पण दहावीच्या सर्टिफिकेटवर आय आहे, पॅनकार्डावर आय आहे, बँकेतसुद्धा आयच आहे!"

"मग सगळेच चुकलेत. थांब, आधी बँकेला फोन लावतो."

मीना उठली, टेबलामागे वाकली आणि टेलिफोनची वायर भिंतीतून उपटून तिने पर्समध्ये टाकली.

"आधी पत्र बदला, सर," ती म्हणाली.