सत्ताविसाव्या फोटोतून गेली कुठे?

दुपारी तीन वाजता घड्याळजींनी कॉम्प्युटरवर रानफुलाचा सत्ताविसावा फोटो उघडला. गोचीड नव्हती.

सव्विसाव्या फोटोपर्यंत ती होती. मागच्या पाकळीवर, आठही पाय पसरून, पडद्यावर चांगली खेकड्याएवढी. आणि आता पाकळी रिकामी.

सकाळी माळावर ते याच फुलासमोर पालथे पडले होते. फूल शर्टाच्या बटणाएवढं. तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडलेला माणूस. मोठं काही बघायची नजर त्यांना उरलीच नव्हती. इतक्या जवळून एका फोटोत अख्खं फूल काही स्पष्ट येत नाही, एक पाकळी आली की दुसरी धुरकट. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवायचा, श्वास रोखायचा आणि पुढच्या पाकळीपासून मागच्या पाकळीपर्यंत केसाकेसाने सरकत चाळीस फोटो काढायचे. मग ते एकावर एक बसवले की नितळ फूल तयार. हे सगळं होईपर्यंत घड्याळजींचं नाक फुलापासून चार बोटांवर होतं.

म्हणजे गोचिडीला जायला जागा एकच. त्यांनी हळूच नाक चाचपलं.

"अगं, जरा येतेस का इकडे?"

बायको आली, पडदा बघितला आणि जिथून आली त्या दारापर्यंत उलटी गेली. "हे तुमच्या अंगावर आहे? आज? पाच वाजता बाळ येतंय!"

बाळ बावीस दिवसांचं. नात झाली तेव्हा घड्याळजींना नेमकं पडसं, म्हणून त्यांनी ती दवाखान्याच्या काचेतूनच बघितलेली. तेव्हापासून टेबलावरचं घड्याळ टॉवेलात गुंडाळून ते रोज धरायचा सराव करत होते. मान सावरून, वगैरे.

बायकोने शेजारच्या गुरांच्या डॉक्टरांना फोटो पाठवून फोन लावला.

"गोचीडच दिसते," डॉक्टर म्हणाले. "पण घाबरू नका वहिनी, ती लगेच चावत नाही. आधी अंगभर हिंडते. मऊ जागा शोधते."

दोघांनी एकदमच पलंगावर अंथरलेल्या दुपट्याकडे बघितलं.

"हलू नका," बायको म्हणाली. "बसू नका. कशाला हात लावू नका."

कपडे उकळत्या पाण्यात गेले. घड्याळजी जवळजवळ तसल्याच पाण्यात गेले. बाहेर आल्यावर बायकोने भिंग डोळ्याला लावलं.

"सापडली! मानेवर!"

"तो तीळ आहे. जन्मापासूनचा."

"मला कसा कधी दिसला नाही?"

"एकतीस वर्षांत बघितलंस कधी?"

"तोंड बंद, हात वर."

दुसरी आंघोळ झाली. मग डोक्यावरचे उरलेसुरले केस कात्रीने गेले आणि तिसरी आंघोळ झाली. गोचीड नाहीच. ती सापडेना तसतशी ती घड्याळजींना सगळीकडे जाणवायला लागली. पोटरीवर, कानामागे, पाठीच्या बरोब्बर त्या जागी जिथे स्वतःचा हात पोचत नाही. आणि डोळ्यांपुढे मात्र एकच दिसत होतं, बाळाची मऊ मान.

"बाळाला हात लावायचा नाही हं तुम्ही," बायको म्हणाली. या वेळी ती ओरडली नाही.

"नाही लावणार," घड्याळजी म्हणाले. मग स्वतःच कोपऱ्यात स्टूल ठेवलं, त्याच्या चारही पायांखाली पाणी भरलेल्या वाट्या सरकवल्या, आणि मुंग्यांपासून जपलेल्या साखरेच्या डब्यासारखे वर जाऊन बसले. गोचीड उतरली तरी पलीकडे जाता कामा नये.

पाचला मुलगी आली. "बाबा असे काय बसलेत? आणि केस कुठे गेले?"

आईने लांबूनच सगळं सांगितलं. मुलगी बाळाला घट्ट धरून पडद्यासमोर उभी राहिली. बराच वेळ फोटो पुढेमागे करत राहिली.

"बाबा, तुम्ही पुढच्या पाकळीपासून सुरुवात करता ना?"

"नेहमीच."

"मग या पहिल्या फोटोत मागची पाकळी कशी काय स्पष्ट?"

घड्याळजींनी स्टुलावरूनच मान लांब करून पडदा बघितला. कॉम्प्युटरने शेवटचा फोटो पहिला मांडला होता. चाळीसच्या चाळीस उलटे. गोचीड फुलावरून गेली नव्हती, फुलावर आली होती. आणि शेवटच्या फोटोपर्यंत तिथेच बसून होती. माळावर.

"म्हणजे माझ्या अंगावर नाही!" त्यांनी आनंदाने उडी मारली ती थेट एका वाटीत.

"आता नाही," मुलगी म्हणाली. "पण फुलावर आली कुठून? फुलावर वाकला होतात फक्त तुम्ही. टोपी होती ना डोक्यावर? रात्री कुठे होती ती?"

"खुंटीवर. तुझ्या आईच्या स्वेटरवर."

एक तिथून आली असेल, तर आणखीही असतील. तिघांनी स्वेटरकडे बघितलं. तो या क्षणी बायकोच्या अंगात होता, आणि तिचे दोन्ही हात बाळाला घ्यायला पुढे आलेले होते.

"आई," मुलगी एक पाऊल मागे सरकत म्हणाली, "तिथेच थांब."

"अगं, काहीतरीच काय..." एवढं बोलेपर्यंत बायकोच्या मानेला खाज सुटली. मग कोपराला. मग ती न्हाणीघराकडे जी पळाली, तिने मागे वळून बघितलं नाही.

मुलीने घरभर नजर फिरवली. पलंगाचा भरवसा नाही, खुर्चीचा नाही, आता तर प्रवासात सोबत आणलेल्या स्वतःच्या पिशव्यांचाही नाही. तीनदा आंघोळ केलेली, भिंगाखाली तपासलेली अशी एकच जागा त्या घरात होती. तिने बाळ बाबांच्या हातात ठेवलं.

ते घड्याळापेक्षा हलकं होतं आणि हलत होतं. घड्याळजींनी सवयीप्रमाणे श्वास रोखला.

"अहो!" आतून धबाधबा पाण्यावरून हाक आली. "माझी पाठ बघा ना जरा! काहीतरी चालतंय!"

"थोडं थांब," घड्याळजी अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "आत्ता हात गुंतलेत."