बारा तोळे नेम

सन १९९३, माघ वद्य पंचमी, थंडी सरत आली होती. त्या दिवशी माझ्या सुनेच्या रायफलीला नवी नळी बसवली आणि नळीला लागणारा चौदा तोळे नेम माझ्या उजव्या हातातून काढून घेतला.

मी न्हावी. चौथीपर्यंत शिकलो. एक्कावन्न वर्षे वस्तरा धरला, कुणाच्या गालावर रक्ताचा थेंब काढला नाही.

सून वैजयंती. माझा मुलगा वारल्यावर ती होमगार्डात गेली आणि तिथे तिच्या हाती पॉइंट टू टू रायफल आली. चैत्रात सांगलीला निवड चाचणी होती. निवड झाली तर पोलिसात कायम नोकरी. नाही झाली तर तिचे भाऊ टेम्पो घेऊन येणार आणि तिला माहेरी नेणार, असे ठरले होते. घरात आम्ही दोघेच.

रायफल क्लबची, जुनी. पन्नास मीटरवर तिच्या गोळ्या बशीएवढ्या जागेत पडत. निवडीला त्या रुपयाएवढ्या जागेत पडायला हव्या होत्या. कंपनी जुन्या रायफलीला चांगले भाग देत नाही. बाहेरचा एक कारागीर देत होता. नळी, लाकडी दस्ता आणि हलका चाप. पण भागात नेम नसतो. तो त्याच घरातल्या माणसाचा घालावा लागतो. घरचा पुरला नाही तर उसना.

नळी बसायच्या आधीच्या सोमवारी तालुक्याचे नेम मोजणीदार भाटवडेकर तराजू घेऊन घरी आले.

"हात पारड्यावर धरा. टेकू नका."

काटा चाळीसवर थांबला.

"चाळीस? काशीदबुवा, या वयात?"

"वस्तऱ्याचा हात आहे," मी म्हणालो.

नळीला चौदा, दस्त्याला दहा, चापाला बारा. चार तोळे उरत होते. चारात माणूस घास तोंडात घालतो, सदऱ्याची बटणे लावतो. वैजयंती म्हणाली, "मामंजी, थोडा माझ्यातला घ्या की. मला एवढा कशाला?"

"नेमबाजाचा चालतो," भाटवडेकर म्हणाले.

"सुनेच्या हातचं काढून घेणारा सासरा मी नव्हे," मी म्हणालो आणि कागदावर सही केली.

चूक माझी. सोमवारी आमची दुकाने बंद. रविवारी वस्तरा पुसून ठेवला की हात विसावतो, आणि विसावलेला हात जड भरतो. कामाच्या दिवशी माझा हात अठ्ठावीस तोळेच भरला असता. गावातल्या कुठल्याही न्हाव्याने हे सांगितले असते. मी न्हावीच होतो.

नळी बसली, दस्ता बसला. त्याच आठवड्यात मी हेडमास्तरांची हनुवटी कापली. ते हनुवटीला टॉवेल दाबून उठले. मी दुकान बंद केले.

चापाच्या वेळी हातात चारच निघाले.

"कागदावर सोळा आहेत," भाटवडेकर म्हणाले.

"हातात चार आहेत."

"मग बारा कुठे गेले ते लिहून द्या."

"कुठे गेले नाहीत. नव्हतेच."

"नव्हते याला रकाना नाही, काशीदबुवा."

"परत मोजा."

"सोमवार लिहिलाय. आता सोमवारचंच माप धरायचं."

मी समोरच्या दुकानातल्या झेंड्याकडे गेलो. तोही न्हावी. तीस वर्षे आम्ही बोलत नव्हतो. तो दाढीचा साबण फेटत होता.

"ये. माझ्या वस्तऱ्याला विळा म्हणायचास ना?"

"म्हणायचो. आहेच विळा."

"मग विळ्याचा नेम कशाला मागतोस?"

"सुनेला हवाय."

त्याने ब्रश खाली ठेवला. "सतरा जावळं धरलीत मी. तान्ह्या पोरांच्या टाळूवर वस्तरा चालवायचा. अक्षय्य तृतीयेला मला हात पाहिजे."

"मिळेल."

त्याने बारा तोळे दिले, चाप बसला. अक्षय्य तृतीयेपर्यंत गावातली पोरे जावळासकट राहिली. बाया माझ्या दारावरून जाताना पोरांच्या झिपऱ्या मला दाखवत.

सांगलीला वैजयंतीच्या साठच्या साठ गोळ्या एकाच भोकातून गेल्या. पंचांना वाटले तिने एकच झाडली. भाटवडेकरांनी नेमाचा दाखला पुढे केला, तेव्हा साठ धरल्या. निवड झाली. नोकरी नागपूरला लागली. भाऊ टेम्पो घेऊन आले नाहीत. ती एस.टी.ने गेली.

रायफल क्लबने तिलाच दिली, तिच्याबरोबर गेली. भागात गेलेला नेम परत निघत नाही.

जाताना ती पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो, तो चौकटीवर पडला. पुन्हा उचलला, पुन्हा चौकटीवर. मग तिनेच डोके पुढे आणून हाताखाली धरले.

"मामंजी, जेवणाचं कसं करणार?"

"चार तोळे आहेत," मी म्हणालो. "एस.टी. चुकेल."

अक्षय्य तृतीयेला सकाळी भाटवडेकर तराजू घेऊन आले. मागून झेंडे आला. त्याच्या दुकानासमोर बाया पोरांना घेऊन बसल्या होत्या.

उजव्या हातात चार निघाले. डाव्यात तीन.

"पायांत पाच असतात," भाटवडेकर म्हणाले. "आपलं घर सापडण्यापुरते."

झेंडे म्हणाला, "हे बघ काशीद, पायांतले राहू दे. सात दे. टाळूला सात पुरतात."

"सातात पोराची टाळू कापशील."

"मग पाच नंतर दे."

"बारा घेतले होते," मी म्हणालो.

भाटवडेकरांनी आधी पायांतले काढले, मग डाव्या हातातले, मग उजव्यातले. काटा बारावर थांबला. झेंड्याने आपला हात पारड्यावर धरला.

फिटले.