बिहीवरचा पहारा

माझ्या नजरेतून सुई निसटत नाही! बावीस वर्षं फौजेत पहारे दिले, सुभेदार होऊन निवृत्त झालो. पाचगणीच्या उतारावरच्या माझ्या परसातून कुणी एक फळ नेऊन दाखवावं!

आणि फळही साधंसुधं नव्हे. काश्मीरच्या शेवटच्या पोस्टिंगहून येताना मी बिहीचं रोप आणलं होतं. फळ दिसायला सफरचंद आणि पेरूचं लग्न लावल्यासारखं, वर मऊ लव. सहा वर्षं झाडानं नुसती पानं दाखवली. यंदा अकरा फळं धरली! मी लगेच मार्करनं प्रत्येकावर नंबर टाकला, एक ते अकरा.

संशय आला तो शेजारच्या रहिमानभाईंमुळे. त्यांचं बाजारात काष्ठौषधींचं दुकान. वीस वर्षांचा शेजार, मी फौजेत होतो तेव्हापासूनचा. ईदला शीरखुर्म्याचा पहिला डबा आमच्याकडे येतो, दिवाळीला करंज्यांचं पहिलं ताट त्यांच्याकडे जातं. तर एके दिवशी कुंपणावरून म्हणाले, "आवं सुभेदार, फळं तुमी खावा. बिया तेवढ्या मला ठेवा. खोकल्यावर लय चांगल्या!"

फळ सोडून बिया मागणारा माणूस! तुम्हाला संशय आला नसता?

त्यानंतर आठवडाभर मी खोकत खोकतच लेकीकडे, सृष्टीकडे, उंब्रजला गेलो. पहाऱ्याला बायकोला, म्हणजे चंद्राबाईला ठेवलं. परत आलो तर चंद्राबाई बाजारात, तीन फळं गायब आणि उरलेल्या आठांवर एकही नंबर नाही! हिरवी ठेवून गेलो होतो, आता पिवळीधमक. लव जाऊन अंग गुळगुळीत.

मी ताडलं. अस्सल फळं तोडून नकली चिकटवली! देठ न् देठ तपासला. डिंकाचा मागमूस नाही. म्हणजे चोर सराईत होता!

तेवढ्यात रहिमानभाईंच्या स्वयंपाकघरातून असा गोड वास आला की माझी खात्रीच पटली. एक नकली फळ तोडून पुराव्याला घेतलं आणि तडक त्यांच्या घरात शिरलो. ताहेराभाभी पातेल्यात काहीतरी लालभडक ढवळत होत्या.

"हे काय?"

"बिहीचा मुरंबा, भावजी."

"बिही पिवळी असते! हे लाल कसं?"

"शिजल्यावर लालच होतंय. आवं, ही फळं चंद्राबाईंनीच..."

"मधे बोलू नका!" मी ओरडलो. आवाज ऐकून रहिमानभाई बाहेर आले. "काय हो रहिमानभाई, वीस वर्षं शेजार केला आणि माझी फळं बदलता?"

त्यांचा चेहरा उतरला. "सुभेदार, मला चोर म्हनताय? मग आजपासनं ह्या उंबऱ्याचा अन् तुमचा संबंध संपला."

हा माणूस गेला तर संध्याकाळचा चहा कुणाबरोबर प्यायचा? पण सुभेदार माघार घेतो होय! "हे फळ नकली आहे! आत्ता चाखून सिद्ध करतो!"

"आवं, शिजवल्याबिगर खाऊ नगा!" भाभी किंचाळल्या. पण मी लचका तोडला होता.

काय सांगू! आधी लाकडात रुतावेत तसे दात अडकले. मग आंबट आणि तुरट रस एकदम सुटला आणि टाळू, जीभ, गाल सगळं आकसून एका जागी गोळा झालं!

नेमकी तेव्हाच चंद्राबाई पिशवीसकट दारात! आमचा आवाज रस्त्यापर्यंत गेला होता.

"आवं, ती तीन फळं वाऱ्यानं पडली! तुमचा खोकला थांबंना म्हनून मीच भाभींना दिली, मुरंबा करून द्या म्हनलं. अन् नंबर कुठं जातोय? पिकल्यावर लव झडती, तिच्यासंगं नंबर बी झडला!"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. माझ्या खोकल्यासाठी ही माणसं खपत होती! माफी मागायला हात जोडले, पण तोंड उघडेना. नुसता "ऊं... ऊं..." आवाज निघाला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

पाठ फिरवून आत निघालेले रहिमानभाई थांबले. मला बघून त्यांचेही डोळे भरले. "आवं, एवढं मनाला लावून घेऊ नगा," म्हणत त्यांनी मला मिठीच मारली. "एवढा मोठा सुभेदार, अन् ल्हान पोरावानी रडतुय!"

आता ते गावभर सांगतात, सुभेदाराचं मन लोण्याचं आहे. पश्चात्ताप झाला होता, देवाशपथ झाला होता! पण ते पाणी बिहीनं काढलं होतं, हे कृपा करून त्यांच्या कानावर घालू नका.